ऑरेस्ट बाबियाकचा कच्चा कागद

ऑरेस्ट बाबियाक हॉटेलात कॉफी आली की कपात वाकून बघायचा. काय बघतोस म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मागच्या खेपेला बोटभर जास्त होती." अशा माणसाच्या शेजारी मी एकोणीस हिवाळे बसले.

आमच्या टॅमरॅक लेक गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर, बर्फाच्या कडेला, शिक्षा झालेले खेळाडू बसवायच्या दोन्ही संघांच्या खोक्यांच्या मधोमध एक लांबट टेबल आहे. तिथे मी घड्याळ चालवायचे आणि ऑरेस्ट सामन्याचा कागद लिहायचा. कोण खेळलं, गोल कुणी केला, कुणाला किती मिनिटं बाहेर बसवलं, सगळं त्या कागदावर. दिवसा मी शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळत असे आणि तो धान्याच्या कोठारावर गव्हाची ओल तपासत असे. ट्रकमध्ये वर कोरडा गहू पसरायचा आणि खाली ओला दडवायचा, ही आमच्या शेतकऱ्यांची जुनी खोड. त्यामुळे ऑरेस्टला हात कोपरापर्यंत आत घालून तळाचे दाणे काढायची सवय लागली होती. तीच त्याने माणसांना लावली, बाकी काही नाही.

लग्न त्याने केलं नाही. एका बाईने त्याला होकार दिला होता म्हणतात, पण ती इतक्या पटकन हो का म्हणाली याचा विचार करण्यात त्याने दोन वर्षं घालवली. तोवर तिने रेल्वेतल्या एकाशी लग्न केलं.

आमचा संघ एल्क्स. प्रेरी लीगमधला, म्हणजे पगारी हॉकीतली सगळ्यात खालची पायरी. आठ गावं, आठ संघ. पण टेबलावरची माणसं लीगची असतात, संघाची नसतात. आपल्या संघाने गोल केला तरी आम्ही टाळी वाजवायची नाही. माझा पाय टेबलाखाली नाचायचा. ऑरेस्टचा एकदाही नाचला नाही, आणि माझा नाचतो हे त्याने दोनदा लीगला कळवलं होतं.

त्याची पद्धत ठरलेली. सामना चालू असताना पेन्सिलीने कच्चा कागद लिहायचा आणि सामना संपला की शाईने पक्का. पक्का लीगच्या ऑफिसात जायचा. त्याची नक्कल आणि कच्चा कागद घरी, तळघरातल्या खोक्यात. "एकतीस वर्षं झाली," तो म्हणायचा, "माझा एक कागद परत आलेला नाही. एक चूक कुणी दाखवलेली नाही." हे खरं होतं. कुणी दाखवली नव्हती.

गेल्या जानेवारीत आठही मालक रेजायना शहरातल्या हॉटेलात जमले आणि जुन्या खेळाडूंच्या नियमावर त्यांची जुंपली. ज्याने तीनशे किंवा जास्त पगारी सामने खेळले तो लीगच्या भाषेत जुना. असे जुने प्रत्येक संघाला पाच ठेवता येत. आता म्हणे चारच. तरुणांना संधी मिळायला हवी, असं पाच मालक म्हणाले. गर्दी तरुणांना नाही, ओळखीच्या चेहऱ्यांना बघायला येते, असं तिघे म्हणाले. पाचांचं चाललं. हा हंगाम संपेल तेव्हा ज्याच्या नावावर तीनशे सामने असतील तो जुन्यांत जाईल, असं ठरलं.

"संधी!" ऑरेस्ट कॉफीच्या टेबलावर म्हणाला. "तरुण पोरगा निम्म्या पगारात येतो, ते नाही सांगत."

"अरे, पण सगळेच काही चोर नसतात," मी म्हणाले.

"तुला कसं माहीत?"

मी बटाटा भरलेली पेरोगी मागवली.

आमच्याकडे चार जुने आधीच होते. पाचवा होऊ घातला होता ब्रेंट डेजार्ले. सव्वीस नंबर, बचावफळीतला. तीस उलटलेला, गुडघा दुखरा, गोल वर्षाकाठी दोन. पण पक, म्हणजे ती खेळायची रबरी चकती, अंगावर घ्यायला सगळ्यांच्या आधी आडवा पडायचा. आठ हंगाम आमच्याकडे होता. त्याची बायको नोरीन आमच्या इस्पितळात नर्स, आणि दोन मुली माझ्या हातचं सूप पिऊन वाढलेल्या. धाकटी गाजर वेचून बाजूला काढते. ब्रेंट तीनशेवर गेला, की चौघांपैकी एक तरी जाणार किंवा तो तरी. आणि त्या चौघांत गोल करणारे तिघे होते आणि एक कप्तान. कोण जाणार हे लहान पोरालाही कळत होतं.

मार्चमध्ये शेवटचे चार सामने उरले आणि ब्रेंट एकाएकी जर्सी न घालता वर प्रेक्षकांत बसायला लागला. गुडघा बरा होता. मी त्याला दुकानाबाहेर बर्फ उपसताना पाहिलं होतं.

"पाणी मुरतंय," ऑरेस्ट पेन्सिलीला टोक काढत म्हणाला. "क्लेटन त्याला विकतोय कुठेतरी."

क्लेटन रीस म्हणजे एल्क्सचा मॅनेजर. आधी ट्रॅक्टर विकायचा. त्याच्यावर संशय घ्यायला ऑरेस्टच असायला हवं असं नाही. माझ्या दिराला त्याने विकलेला ट्रॅक्टर अजून शेतातच उभा आहे. पण यावेळी मला वेगळं वाटत होतं.

"विकत नाहीये. राखतोय," मी म्हणाले. "दोनशे नव्व्याण्णववर थांबवलंय त्याला. तीनशे झाला नाही तर तो जुना नाही. त्या चौघांच्या जोडीला राहू शकतो."

ऑरेस्टने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही युक्ती मीच क्लेटनला शिकवली होती. "नियमाला वळसा," तो म्हणाला. "म्हणजे आणखीच वाईट."

हंगाम संपला. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी लीगची यादी आली आणि त्यात डेजार्लेच्या नावापुढे लख्ख तीनशे लिहिलेलं होतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येक क्लबने आपले चार जुने कळवायचे होते. त्या सोमवारी संध्याकाळीच गावच्या पेपरात क्लेटनचं बोलणं छापून आलं: 'आमच्या मोजणीप्रमाणे ब्रेंटचे सामने दोनशे नव्व्याण्णव आहेत. कुठेतरी एका कागदात चूक आहे.'

ऑरेस्ट तो पेपर घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. टोपीसुद्धा काढली नाही.

"वाचलंस? एक सामना गिळतोय हा माणूस. ढेकर न देता."

"खरंच चूक असेल तर?"

"असेल ना. त्याच्या मोजणीत. मी त्याला उघडा पाडतो की नाही बघ. तीनशे म्हणजे तीनशे."

"ऑरेस्ट, त्यात ब्रेंटची नोकरी जातेय."

"ती जावी असं मी म्हटलं का? मी खरं काय ते म्हणतोय."

पुढचे तीन दिवस तो फोनवर होता. बाकी सातही गावांत कागद लिहिणारी त्याच्यासारखीच माणसं आहेत. कुणी पोस्टमन, कुणी मास्तर. त्या सगळ्यांना त्याने खोकी उघडायला लावली. ब्रेंटचा गावाबाहेरचा प्रत्येक सामना तपासून घेतला. शिवाय क्लेटनविरुद्ध लीगला तीन पानी तक्रार लिहून ठेवली, फक्त पुराव्याची जागा मोकळी सोडून. गुरुवारी मी विचारलं, "आणि तुझे स्वतःचे कागद?"

"माझे कशाला?"

"सगळ्यांचे झाले म्हणून."

त्याला ते आवडलं नाही, पण पटलं. "उद्या ये मग," तो म्हणाला. "साक्षीदार लागेल. नाहीतर म्हणतील मी एकट्याने बसून काहीतरी केलं."

म्हणजे माझं शाळेतलं काम आटोपेपर्यंत थांबायचं. शुक्रवारी मुलांची जेवणं आटोपून, भांडी लावून मी दीड वाजता त्याच्याकडे पोचले. बाराची वेळ टळून गेली होती. ती माझ्या ध्यानात नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. पण चूक टॅमरॅक लेकच्या कागदात असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

तळघरात भट्टी घुरघुरत होती. एका बाजूला लोणच्याच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला एकतीस खोकी, प्रत्येकावर दोरी आणि दोरीला त्याची स्वतःची गाठ. ब्रेंटचे आठ हंगाम आम्ही पुढे ओढले. तो पक्क्या कागदाची नक्कल वाचायचा, मी कच्चा. सहा खोकी बिनबोभाट गेली. सातव्यात नोव्हेंबरचा एक सामना निघाला, बॅटल रिव्हरविरुद्धचा.

"दुसरा भाग," ऑरेस्टने वाचलं. "सव्वीस, डेजार्ले, पाय अडकवला, दोन मिनिटं."

मी माझा कागद बघितला. परत बघितला. "ऑरेस्ट, इथे वर ब्रेंटचं नाव नाहीये."

"काय नाहीये?"

"त्या दिवशीच्या अठरा नावांत सव्वीस नाही. आणि इथे कडेला लिहिलंय: बारा रक्त, बदल सव्वीस."

ज्याला हॉकी ठाऊक नाही त्याच्यासाठी एवढंच सांगते. जर्सीला रक्त लागलं, की खेळाडूला बाहेर जाऊन दुसरी घालून यावं लागतं. जादाची कोरी जर्सी एकच असते. त्या दिवशी ती पहिल्याच भागात कुणाच्या तरी फुटलेल्या ओठापायी गेली होती. म्हणून बारा नंबरचा टाय सव्वीस घालून परत आला. ब्रेंट खेळत नव्हता, त्याची जर्सी खुंटीला लटकत होती. ऑरेस्टने ते पेन्सिलीने नीट टिपलं. पण सामना संपल्यावर शाईने लिहिताना कडेची ओळ सुटली, आणि सव्वीसपुढे हाताने सवयीने डेजार्ले लिहिलं. लीगच्या ऑफिसात कागदावर ज्याचं नाव कुठेही दिसेल तो खेळला असं धरतात. ब्रेंट त्या दिवशी खेळला तो फक्त ऑरेस्टच्या शाईत.

ऑरेस्टने माझ्या हातातला कागद घेतला. दिव्याखाली धरला, उलटा केला, बोटाने पेन्सिल पुसून बघितली. मग खोक्याच्या दोरीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तू याआधी इथे कधी आली होतीस?"

मला कळायला दोन क्षण लागले. मग माझं डोकं असं तापलं की त्याच्या अंगावर बरणीच फेकायची बाकी ठेवली.

"हो, आले होते," मी म्हणाले. "खिडकीतून. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. तुझी गाठ सोडली, तुझ्या अक्षरात एक ओळ लिहिली आणि परत तुझी गाठ मारली. मूर्खा, अक्षर कुणाचंय ते बघ!"

तो अक्षराकडे बघत राहिला. सातचा आकडा त्याच्यासारखा काढणारं दुसरं कुणी नाही. मध्ये आडवी रेघ मारतो. तारखेत दोन सात होते. तो खोक्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला राग होता, पण वाईटही वाटलं. खूप वाईट वाटलं.

"चल," तो शेवटी म्हणाला.

रिंकवर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. क्लेटन बाहेरच्या पायऱ्यांवर सिगारेट ओढत उभा होता. ऑरेस्टने त्याच्यापुढे कागद धरला. त्याने तो हातातसुद्धा घेतला नाही.

"सापडला का?" तो म्हणाला. "म्हणूनच पेपरात बोललो हो मी. म्हटलं, रागाच्या भरात तरी हा माणूस खोकी उघडेल."

"उघडली," ऑरेस्ट म्हणाला.

"आज. चार दिवस मी वाट बघितली. मग बचावफळीत माणूस तर हवा ना मला? काल एक घेतला, मूस नॅरोजच्या संघाकडून. जागा गेली, पैसेही गेले. बारा वाजता चार नावं पाठवली. त्यात ब्रेंट नाही."

"तू सरळ मला विचारायचं होतंस."

क्लेटन हसला, पण ते ट्रॅक्टर विकतानाचं हसू नव्हतं. "हार्वीला विचारा मी का नाही विचारलं."

हार्वी म्हणजे संघाच्या सामानाची देखरेख करणारा. स्केटला धार लावतो, जर्सी धुतो, शिवतो. तो आतल्या खोलीत होता, आणि ब्रेंटही तिथेच. त्याची पिशवी बाकावर उघडी पडली होती आणि तो आठ वर्षांचा पसारा तीत कोंबत होता. खोलीत ओल्या चामड्याचा वास होता. ऑरेस्ट दारात उभा राहिला. आत या असं कुणी म्हणालं नाही.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "बॅटल रिव्हरचा सामना. तू खेळला नव्हतास. मी तुझं नाव लिहिलं."

"माहितीये," हार्वी म्हणाला. मान वर केली नाही.

"काय माहितीये?"

"टायला ती जर्सी मीच घातली, ऑरेस्ट. यादी आली त्याच दिवशी माझी जर्सींची वही काढून बघितली. तो एकच सामना जास्तीचा निघाला. पण माझी वही लीग मानत नाही, तुझा कागदच मानते."

"सोमवारपासून माहीत होतं? आणि कुणी मला सांगितलं नाही?"

हार्वीने आता स्केट खाली ठेवला. "नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं एकदा. एका गोलचं श्रेय चुकीच्या पोराला गेलं होतं. मी म्हटलं, ऑरेस्ट, जरा बघतोस का? तू बघितलंस का? तू लीगला पत्र लिहिलंस, की हार्वी कागद बदलायला दबाव आणतोय. दहा सामने मला रिंकच्या दारात उभं केलं नव्हतं. माझ्या बायकोला दुकानात लोक विचारायचे, काय खाल्लं गं हार्वीने?"

ते पत्र मला माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. एकतीस वर्षं एकही कागद परत न येण्याचं कारण तेच होतं, आणि इतकी वर्षं शेजारी बसून मीही ते त्याला कधी तोंडावर म्हटलं नाही. भीतीनेच म्हटलं नाही, दुसरं काय!

"तू तरी यायचंस," ऑरेस्ट ब्रेंटला म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

ब्रेंटने पिशवीची चेन ओढली. ती अडकली, त्याने परत ओढली. "आलो होतो, मिस्टर बाबियाक. मंगळवारी, बुधवारी आणि काल. तुमच्या पायऱ्या चढून दारापर्यंत आलो. घंटीवर बोट ठेवलं. मग वाटलं, मी तोंड उघडलं की तुम्हाला वाटणार हा कागद बदलून घ्यायला आलाय. तुम्ही कळवणार. मग एल्क्सच काय, कुठलाच संघ मला दारात उभं करणार नाही. म्हणून परत फिरलो."

"मी आजच लीगला पत्र देतो. चूक दुरुस्त करतो."

"आता कशाला?" ब्रेंट म्हणाला. रागाने नाही, दमलेल्या माणसासारखं. "लांब, पोटॅश खताच्या खाणीत लागतोय येत्या सोमवारपासून. नोरीनने इस्पितळात सांगून टाकलंय, मुलींची शाळा संपली की तिघीही तिकडे येतील. तुम्ही दुरुस्त केलंत तर होईल एवढंच, की माझे दोनशे नव्व्याण्णव होतील. तीनशे झाले म्हणून लीगने पाटी पाठवलीये. थोरलीने ती भिंतीवर लावली. खिळा पण तिनेच ठोकला." तो थांबला. "तेवढं राहू द्या, जमलं तर."

मी ऑरेस्टकडे बघितलं नाही. मला ठाऊक होतं तो काय म्हणणार: खोटं ते खोटं. त्याने आयुष्यात दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

तो आत गेला. खिशातून तो पेन्सिलीचा कागद काढला, बाकावर ठेवून हाताने सपाट केला आणि ब्रेंटपुढे सरकवला.

"हा एकच आहे," तो म्हणाला. "याच्याशिवाय कुणालाच काही दाखवता येणार नाही. मलासुद्धा."

"आणि मी फाडून टाकला तर?"

"तुझा आहे. तू ठरव."

हार्वी उभाच राहिला. ब्रेंटने कागद उचलला, वाचला नाही. घडी घालून शर्टच्या खिशात ठेवला आणि ऑरेस्टशी हात मिळवला. त्याने पुढे काय केलं ते मला माहीत नाही. लीगच्या यादीत अजून तीनशेच आहेत.

गाडीत बसल्यावर ऑरेस्टने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मी चावी लावली. तो म्हणाला, "थांब जरा."

मी थांबले. पार्किंगमधलं बर्फ वितळून काळं पाणी झालं होतं आणि त्यातून ब्रेंट आपली पिशवी ट्रककडे नेत होता.

"तिन्ही दिवस मी घरातच होतो, मायर्ना," ऑरेस्ट म्हणाला. "पडद्याआडून त्याला बघत होतो. म्हटलं, आला बघ, आता काहीतरी मागणार. श्वास रोखून उभा राहिलो, मी घरात आहे हे त्याला कळू नये म्हणून."